हरणांसाठी पूरक खाद्य आणि पेरणीपूर्वीची जमीन : तीन हंगामांनंतर पडलेले प्रश्न

पाऊलखूण (धागाकर्ती)

नमस्कार. जंगलाला लागून असलेला सव्वा एकराचा एक पडीक तुकडा गेली तीन वर्षे माझ्या ताब्यात आहे. तिन्ही बाजूंच्या झाडीत उत्तर अमेरिकेत आढळणारी पांढऱ्या शेपटीची हरणे राहतात. पहाटे आणि दिवेलागणीला ती कडेकडेने जाताना दिसतात, पण तुकड्यात थांबत नाहीत. त्यांना तेथे वर्षातले बरेच महिने खाण्याजोगे काही मिळावे, पाडसांना पाजणाऱ्या हरिणींना त्याचा आधार व्हावा आणि मला लांबून त्यांचे निरीक्षण करता यावे, एवढाच माझा हेतू आहे. शिकारीचा प्रश्न येथे नाही.

पहिल्या वर्षी मी क्षारांची एक चाटण वीट ठेवली आणि तिच्याजवळ दर आठवड्याला मक्याचा ढीग टाकत गेले. वसंताच्या अखेरीस त्या विटेसाठी हरणांची एवढी धडपड चालली होती की वीट संपल्यावर तिच्याखालची माती चाटून आणि उकरून तेथे चांगला खोल खड्डा पडला. मात्र पानगळ सुरू झाल्यावर ठेवलेल्या नव्या विटेकडे एकही हरीण फिरकले नाही. दुसऱ्या वर्षी शिंगांची वाढ आणि हमखास आकर्षण यांची हमी छापलेली एक महागडी भुकटी वापरली. तीन आठवडे वर्दळ राहिली आणि मग ओसरली. तिसऱ्या वर्षी पूरके थांबवून तुकडा नांगरला, पांढरा क्लोव्हर हा द्विदल चारा फोकून, म्हणजे विखरून, पेरला आणि कुळवाची एक पाळी देऊन बी मातीआड केले. उगवण विरळ झाली, जी रोपे आली ती तिसऱ्या-चौथ्या पानावर पिवळी पडली आणि उन्हाळ्यात सगळीकडे गवत माजले.

एका ऋतूत हवीहवीशी असलेली वीट दुसऱ्या ऋतूत नकोशी का होते? पूरकांचा त्या प्राण्याला खरोखर उपयोग होतो, की त्यामुळे फक्त मला हरणे जवळून पाहायला मिळतात? आणि क्लोव्हर मातीमुळे गेला, बियाण्यामुळे गेला, की पेरणीत माझे काही चुकले? ज्यांनी हे स्वतः केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

रवंथ

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोडियममध्ये आहे. चाटण विटांमध्ये मोठा वाटा साध्या मिठाचा असतो, आणि कॅल्शियम, स्फुरद (फॉस्फरस), जस्त, तांबे हे सारे त्या मिठाच्या सोबतीने पोटात जाते. शरीरात कॅल्शियम कमी पडले म्हणून हरीण कॅल्शियम शोधत येते, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्याला ओढून आणते ते मीठ. वसंतातला कोवळा पाला पाण्याने भरलेला असतो, त्यात पालाश (पोटॅशियम) भरपूर आणि सोडियम नगण्य असते, आणि हे जादा पाणी व पालाश शरीराबाहेर टाकताना सोडियमही निघून जाते. नेमक्या त्याच काळात हरिणी गाभण किंवा दुभत्या असतात. म्हणून तेव्हा विटेवर झुंबड उडते. पुढे पाला निबर होतो, ओकची फळे गळू लागतात आणि मिठाची ती निकड उरत नाही. आपल्या दुसऱ्या विटेत दोष नव्हता, ती हंगाम उलटून गेल्यावर ठेवली गेली होती.

शिंगांबद्दलच्या हमीविषयी थोडे सांगतो. या हरणांची शिंगे दरवर्षी गळतात आणि नव्याने येतात. पूर्ण टणक झालेल्या शिंगात सुमारे ४५ टक्के प्रथिने असतात आणि उरलेला भाग मुख्यतः कॅल्शियम व स्फुरद यांचा असतो. शिंगे भरात असताना लागणारे क्षार रोजच्या चाऱ्यातून पुरत नाहीत, त्यामुळे नर ते स्वतःच्या बरगड्यांसारख्या हाडांतून काढून घेतो आणि पुढे कित्येक आठवडे खाऊन ती झीज भरून काढतो. त्यामुळे तीन आठवडे चाटलेल्या भुकटीपेक्षा त्याआधीच्या आणि नंतरच्या महिन्यांत पोटात काय गेले, याला अधिक महत्त्व आहे. शिंगांचा आकार वय, आहार आणि अनुवंश या तिघांवर ठरतो, आणि वयाची जागा घेईल असे पूरक अस्तित्वात नाही.

मक्याबद्दल मात्र कळकळीने लिहितो, कारण या बाबतीत चांगल्या मनाची माणसेच हरणांचा जीव घेतात. हरणाच्या पोटाला चार कप्पे असतात आणि अन्न पचवण्याचे मुख्य काम पहिल्या कप्प्यातले सूक्ष्मजीव करतात. हिवाळ्यात हे सूक्ष्मजीव डहाळ्या, कळ्या आणि साली अशा तंतुमय खाद्याला सरावलेले असतात. अशा वेळी उपाशी हरणापुढे एकदम मक्याचा ढीग आला, तर त्यातल्या पिष्टापासून लॅक्टिक आम्ल झपाट्याने तयार होते, पोटातील उपयोगी सूक्ष्मजीव मरतात, पोटाचे अस्तर पोळते आणि ते हरीण एक ते तीन दिवसांत दगावू शकते. मेलेल्या प्राण्याचे पोट तेव्हा मक्याने भरलेले असते, त्यामुळे पाहणाऱ्याला कारण उमगत नाही. नव्या खाद्याशी जुळवून घ्यायला या सूक्ष्मजीवांना दोन ते तीन आठवडे लागतात. पोषणाच्या दृष्टीनेही मका तोकडा आहे. त्यात प्रथिने ८ ते ९ टक्के असतात, तर वाढत्या पाडसाला १६ टक्क्यांच्या आसपास प्रथिने लागतात. पावसाने भिजलेल्या ढिगावर अस्परजिलस बुरशी वाढून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार झाले, तर त्याचा फटका हरणांइतकाच ढिगावर येणाऱ्या पक्ष्यांनाही बसतो.

टेकडी

रवंथ यांचे मक्याविषयीचे म्हणणे मला मान्य आहे. पण सगळी पूरके एका पारड्यात टाकणे योग्य होणार नाही. मी पाच वर्षे १६ टक्के प्रथिनांच्या गोळ्या छत असलेल्या खाद्यपेटीतून देतो. सुरुवातीला त्या अगदी थोड्या ठेवल्या, महिनाभरात हळूहळू वाढवल्या आणि एकदा सुरू केल्यावर मध्येच खंड पडू दिला नाही. दुष्काळाच्या वर्षी आसपासचा पाला करपला होता, तेव्हाही माझ्याकडे येणाऱ्या हरिणींच्या बरगड्या दिसत नव्हत्या, हे मी रोज पाहत होतो. जमीन सुधारायला दोन-तीन वर्षे लागतात, आणि दरम्यानच्या काळात एखाद्याने नीट काळजी घेऊन गोळ्या दिल्या तर त्यात गैर काय आहे?

रवंथ

टेकडी, आपण ज्या शिस्तीने देता त्या शिस्तीत आहाराच्या अंगाने मला दोष दिसत नाही. माझी भीती वेगळी आहे. खाद्यपेटी असो की ढीग, तेथे एकाच हातभर जागेत अनेक हरणांची तोंडे लागतात. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांच्या मेंदूचा प्राणघातक रोग १९६७ मध्ये कोलोरॅडोमध्ये बंदिस्त हरणांत प्रथम दिसून आला आणि नंतर रानातल्या कळपांतही पसरला. युरोपात २०१६ मध्ये नॉर्वेतील रेनडियरमध्ये तो आढळला. त्याला कारणीभूत असलेली विकृत प्रथिने, म्हणजे प्रायॉन, लाळ, मूत्र आणि विष्ठेतून बाहेर पडतात, चिकणमातीला चिकटून राहतात आणि वर्षानुवर्षे संसर्गक्षम राहतात. या रोगावर औषध नाही आणि लसही नाही. मिशिगनमध्ये १९९४ नंतर रानातील हरणांत गोवंशीय क्षय आढळत राहिला, तेव्हाही एकाच जागी खाद्य टाकण्याच्या प्रथेकडे बोट दाखवले गेले. धागाकर्तीने वर्णन केलेला विटेखालचा खड्डा मला याच कारणाने अस्वस्थ करतो, कारण एकाच जागेची माती अनेक हरणे चाटत राहतात.

उत्तर अमेरिकेतील अनेक राज्यांत आणि प्रांतांत रानातल्या हरणांना खाद्य किंवा क्षार ठेवण्यावर बंदी आहे, काही ठिकाणी ती ठरावीक जिल्ह्यांपुरती किंवा ठरावीक महिन्यांपुरती असते, आणि रोगाचा नवा रुग्ण सापडला की नियम तातडीने बदलतात. पेरलेल्या चाऱ्याला मात्र बहुतेक ठिकाणी मुभा असते. तेव्हा काहीही ठेवण्यापूर्वी त्या भागाच्या वन्यजीव विभागाचा चालू वर्षाचा नियम वाचणे आवश्यक आहे. चारा पेरल्याने संसर्ग शून्य होतो असे मी म्हणणार नाही, परंतु सव्वा एकरात पसरून चरणारी हरणे आणि एका पेटीवर तोंडाला तोंड लावून खाणारी हरणे यांत मोठा फरक आहे.

टेकडी

आमच्या जिल्ह्यात अजून बंदी नाही, म्हणून मी या बाजूचा इतका विचार केला नव्हता. पेटीची जागा मी पाच वर्षांत एकदाही बदललेली नाही. या हंगामाअखेर गोळ्या टप्प्याटप्प्याने कमी करून पेटी काढून टाकावी, असे आता वाटते.

काळी आई

मी मूळ प्रश्नाच्या तिसऱ्या भागाकडे येतो, कारण माझ्या मते सगळे त्यातच आहे. तिसऱ्या-चौथ्या पानावर पिवळा पडलेला क्लोव्हर हे आम्लधर्मी जमिनीचे नेहमीचे लक्षण आहे. बियाण्यात साठलेले अन्न संपेपर्यंत रोप तग धरते, आणि मग त्याला मातीतून घ्यावे लागते तेव्हा अडते.

बी विकत घेण्यापूर्वी माती परीक्षण करा. तुकड्यात नागमोडी चालत १० ते १५ ठिकाणी वरचा काडीकचरा बाजूला सारून १५ सेंटीमीटर खोलीपर्यंतची माती घ्या, प्लास्टिकच्या स्वच्छ बादलीत ती एकत्र कालवा, सावलीत वाळवा आणि त्यातली अर्धा किलो प्रयोगशाळेकडे पाठवा. जस्ताचा मुलामा दिलेली बादली वापरू नये, कारण जस्ताचा आकडा चुकतो. जुन्या विटेचा खड्डा, वाटा आणि झाडांच्या बुंध्याजवळची माती नमुन्यात मिसळू नका. एखादा कोपरा रंगाने किंवा उताराने वेगळा वाटला तर त्याचा नमुना वेगळा ठेवा.

अहवालात सर्वांत आधी सामू, म्हणजे पीएच, पाहा. क्लोव्हरला तो ६.० ते ७.० यांच्या दरम्यान हवा. सामूचे आकडे फसवे असतात, कारण ही मोजपट्टी दहाच्या पटीत चालते, ५.५ सामूची जमीन ६.५ पेक्षा दहापट आम्लधर्मी असते. सामू खाली गेला की मातीतला ॲल्युमिनियम विरघळून मुळांची टोके खुंटवतो, स्फुरद हा लोह व ॲल्युमिनियम यांच्याशी बांधला जातो आणि द्विदल पिकाच्या मुळांवर गाठी धरणारे रायझोबियम जिवाणू दुबळे होतात. अशा जमिनीत कितीही खत टाकले तरी त्यातले बरेच वाया जाते. म्हणून मी नेहमी सांगतो की पैसे मोजकेच असतील तर ते आधी चुन्यावर खर्च करावेत, मग खतावर आणि शेवटी बियाण्यावर. बहुतेक जण नेमके उलट करतात, कारण बियाण्याच्या पिशवीवर हरणाचे चित्र असते आणि चुन्याच्या पोत्यावर ते नसते.

आता पेरणीबद्दल. पांढऱ्या क्लोव्हरचे बी इतके बारीक असते की एका किलोत १५ लाखांहून अधिक दाणे भरतात. ते ६ मिलिमीटरपेक्षा खोल गेले की कोंब वर पोहोचत नाही. आपण नांगरटीनंतर भुसभुशीत मातीवर बी फोकले आणि वर कुळव फिरवला, तेथेच निम्मे बी गाडले गेले असावे. कुळवाचे काम बी टाकण्यापूर्वी संपले पाहिजे. ढेकळे फोडून, सपाटी करून, रोलर फिरवून माती इतकी बसवावी की तिच्यावर चालताना बुटाचा ठसा सेंटीमीटरभरापेक्षा खोल उमटणार नाही. मग बी फोकावे आणि पुन्हा एकदा रोलर फिरवावा. बी झाकले जाण्यापेक्षा ते मातीला घट्ट टेकणे महत्त्वाचे आहे.

ही सगळी कामे वाफशावर, म्हणजे माती ना चिखलट ना कोरडी असताना, करावीत. मूठभर माती दाबून गोळा करा आणि अंगठ्याने टोचा. गोळा फुटून विखुरला तर वाफसा आला आहे, आणि अंगठा नुसता रुतला तर दोन दिवस थांबा. ओल्या मातीत यंत्र घातल्याने खाली जो घट्ट थर बसतो, तो पुढची कित्येक वर्षे मुळांना अडवतो.

पाऊलखूण

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिल्याबद्दल आभारी आहे. अहवाल आला आहे. सामू ५.२, सेंद्रिय पदार्थ २.१ टक्के, स्फुरद कमी, पालाश मध्यम आणि पोत वाळूमिश्रित पोयटा. एकरी दोन टन चुनखडीची भुकटी सुचवली आहे. माझ्याकडे एका जुन्या कामातून उरलेली जिप्समची पोती पडून आहेत. त्यातही कॅल्शियम असते, तर चुन्याऐवजी ते चालेल का? आणि चुना आता पसरून दोन आठवड्यांनी पेरणी केली तर?

काळी आई

जिप्सम चालणार नाही. आम्लता कमी करण्याचे काम कॅल्शियम करत नाही, ते काम चुनखडीतला कार्बोनेट करतो. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, त्यामुळे त्याने कॅल्शियम आणि गंधक मिळेल, पण सामू होता तेथेच राहील. अहवालात मॅग्नेशियम कमी दिसत असेल तर डोलोमाइट जातीची चुनखडी घ्या, नाहीतर साधी चुनखडी पुरेशी आहे. भुकटी जितकी बारीक तितकी ती लवकर लागू पडते.

दोन आठवड्यांत काही होणार नाही. चुनखडी पाण्यात फार थोडी विरघळते आणि मातीत खाली सरकायला तिला वर्षे लागतात, म्हणून ती वरच्या १० ते १५ सेंटीमीटरमध्ये मिसळावीच लागते, आणि मिसळल्यावरही तिचा परिणाम दिसायला सहा महिने धरून चाला. निम्मी नांगरटीपूर्वी पसरा, निम्मी नांगरटीनंतर पसरून कुळवाने मिसळा. आपली माती वाळूमिश्रित आहे म्हणून दोन टनांत भागते. याच सामूच्या चिकणमातीला यापेक्षा बराच जास्त चुना लागला असता.

माझा सल्ला असा की या शरदात चुना द्यावा आणि पुढचा उन्हाळा जमिनीसाठी ठेवावा. वसंतात थंडीचे भय संपल्यावर बकव्हीट (कुट्टू) दाट पेरा. ते चार-पाच आठवड्यांत फुलावर येते, दाट सावलीने तण दाबते आणि इतर पिकांना न मिळणारा स्फुरद वर उचलते. दाणे भरण्यापूर्वी ते कापून मातीत मिसळा, म्हणजे हिरवळीचे खत होईल. क्लोव्हर उन्हाळ्याच्या अखेरीस, पहिल्या हिमतुषाराच्या सहा ते आठ आठवडे आधी पेरा, कारण त्या वेळी उन्हाळी तणांचा जोर सरलेला असतो. एकरी साडेतीन ते चार किलो पांढरा क्लोव्हर आणि त्याच्या आडोशाला २० किलो ओट एवढे पुरे. ओट आधी पेरून कुळवाने दोन-अडीच सेंटीमीटर खाली घाला, जमीन बसवा आणि मगच क्लोव्हर फोका. किलोभर चिकोरी ही रुंद पानांची चारा-वनस्पतीही मिसळा. तिचे सोटमूळ खोल जाते, त्यामुळे उन्हाळ्यात क्लोव्हर मंदावला तरी ती हिरवी राहते.

क्लोव्हरच्या बियाण्याला त्याच्याच जातीचे जिवाणू संवर्धक लावा. सोयाबीनचे रायझोबियम क्लोव्हरला उपयोगी पडत नाही. साखरेच्या किंवा गुळाच्या पातळ पाण्याने बी जेमतेम ओलसर करून त्यावर संवर्धक चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा, कारण उन्हात जिवाणू मरतात. पाच-सहा आठवड्यांनी एखादे रोप अलगद उपटून मुळांवरची गाठ नखाने फोडून पाहा. आत गुलाबी-तांबूस रंग असला तर ती गाठ हवेतला नत्र बांधते आहे. नत्रयुक्त खत मात्र क्लोव्हरला देऊ नका, कारण त्याचा फायदा गवताला होतो. स्फुरद मातीत जागचा हलत नाही, म्हणून तो पेरणीपूर्वीच मिसळून घ्या.

टेकडी

माझ्याकडून एक भर घालतो. पाऊलखूण, या तुकड्यात किंवा शेजारच्या शेतात आधी मका झाला असेल आणि तणनाशक मारले गेले असेल, तर त्याचा अंश मातीत राहून द्विदल रोपे मारू शकतो, आणि हे माती परीक्षणाच्या साध्या अहवालात दिसत नाही. दोन कुंड्या घ्या, एकीत तुकड्यातली माती आणि दुसरीत खात्रीची माती भरा, दोन्हींत क्लोव्हर पेरा आणि तीन आठवडे पाहा. मी हे न करता एकदा अख्खा हंगाम घालवला आहे.

राय या धान्याचाही विचार करावा. येथे मोहरीची राई अभिप्रेत नाही, तर गव्हासारखे दिसणारे हिवाळी तृणधान्य अभिप्रेत आहे. नावाच्या सारखेपणामुळे माझ्या एका नातेवाइकांनी खरोखरच मोहरी पेरली होती. हे धान्य सामू थोडा कमी असला तरी येते, ओट गोठून मरतो त्या थंडीतही जिवंत राहते आणि बर्फ वितळताच सर्वांत आधी हिरवे होते.

झाडोरा

आतापर्यंतची चर्चा पेरणीभोवती फिरली, पण हरणांच्या तोंडाची रचना ध्यानात घेतली पाहिजे. चितळ गवताच्या कुरणात रमतात, हे आपण वाचलेले आणि पाहिलेले असते, त्यामुळे हरीण म्हणजे गवत अशी आपली धारणा झालेली असते. पांढऱ्या शेपटीचे हरीण मात्र निवडून खाणारे आहे. त्याचे तोंड निमुळते असते आणि ते रुंद पानांच्या वनस्पती, झुडपांचे शेंडे, कळ्या व फळे टिपत फिरते. गवत ते अगदी कोवळे असतानाच खाते. म्हणून नुसते गवताचे मिश्रण पेरलेले तुकडे हिरवेगार दिसतात आणि हरणे त्यांच्याकडे पाठ फिरवतात.

धागाकर्तीने जंगलाच्या कडेचे निरीक्षण करावे. जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीपर्यंत झाडोरा एका रेषेत खाऊन साफ झाला असेल, तर आसपास हरणांची संख्या खाद्याच्या मानाने आधीच जास्त आहे, असा त्याचा अर्थ होतो. तशा ठिकाणी छोटा तुकडा पेरला तर रोपे दोन पानांवरच फस्त होतात, आणि चारा देऊन संख्या आणखी वाढवणे जंगलाच्याही हिताचे नसते. तशी रेष नसेल तर कडेची काही कमी मोलाची झाडे तोडून पंधरा-वीस मीटर रुंदीच्या पट्ट्यात ऊन येऊ द्या. पुढच्या दोन वर्षांत तेथे जे आपोआप उगवते, त्यातले बरेच हरणांच्या आवडीचे असते, त्यासाठी बी लागत नाही, आणि शिवाय हरिणींना पाडसे लपवायला आडोसा मिळतो. उघड्या तुकड्यात दिवसा न थांबणारी हरणे अशा झुडपी कडेमुळे थांबू लागतात, हे मी दोन ठिकाणी पाहिले आहे. तोडण्यापूर्वी फळणारे ओक मात्र खुणा करून राखा.

पाऊलखूण (एक वर्षानंतर)

ज्यांनी वेळ देऊन लिहिले त्यांना काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे, म्हणून हा धागा वर आणते.

वीट आणि मका मी पूर्णपणे बंद केला आणि जुना खड्डा मातीने बुजवून त्यावर तोडलेल्या फांद्या रचल्या. चुना दोन हप्त्यांत दिला. कुंडीची चाचणी केली आणि दोन्ही कुंड्यांत रोपे सारखीच आली, त्यामुळे तणनाशकाची शंका मिटली. वसंतात बकव्हीट पेरले. ते फुलावर असताना मधमाश्यांचा एवढा गुंजारव होता की कापायला हात धजावत नव्हता, पण दाणे धरण्यापूर्वी कापले. त्यानंतर सामू मोजला तो ६.१ आला. उन्हाळ्याच्या अखेरीस वाफसा साधून ओट, क्लोव्हर आणि चिकोरी सांगितलेल्या क्रमाने पेरली. रोलर मिळाला नाही, म्हणून हळू वेगाने छोट्या ट्रॅक्टरची चाके शेजारी शेजारी फिरवून जमीन बसवली.

सहाव्या आठवड्यात रोपे उपटून पाहिली. मुळांवर गाठी होत्या आणि फोडल्यावर त्यांचा रंग आतून गुलाबी निघाला. गेल्या वर्षीच्या पिवळ्या रोपांनंतर तो रंग पाहून मला किती आनंद झाला, हे लिहून सांगता येत नाही.

तुकड्याच्या मध्यावर मी तारेच्या जाळीचा मीटरभर व्यासाचा एक गोल पिंजरा ठोकला होता, म्हणजे आतले पीक हरणांच्या तोंडी लागणार नाही आणि बाहेरचे किती खाल्ले जाते ते कळेल. ओट गुडघ्याला येईपर्यंत आतबाहेर काही फरक नव्हता आणि मला वाटू लागले की हरणे आलीच नाहीत. मग थंडी पडली. दोन आठवड्यांत बाहेरचा ओट चार बोटांवर आला आणि पिंजऱ्यातला मांडीपर्यंत उभा राहिला. पहाटे मी सात हरणे मोजली, त्यांत पाडसांसह दोन हरिणी होत्या, आणि ती एकमेकांपासून दहा-पंधरा पावलांचे अंतर राखून सावकाश चरत होती. विटेपाशी मी पाहिलेली ढकलाढकली आणि पुढच्या पायांचे फटकारे येथे दिसले नाहीत.

वायव्येच्या कोपऱ्यात मात्र क्लोव्हर पुन्हा पिवळा आहे. तेथील माती अधिक काळी आणि चिकट आहे. मी तो नमुना वेगळा घ्यायला हवा होता.

काळी आई

वर्णन वाचून फार समाधान वाटले. त्या कोपऱ्याला चिकणमातीच्या मानाने चुना कमी पडला, इतकेच. तेवढ्या भागाचा नमुना आता काढा, चुना शरदात द्या, आणि तेथे या वर्षी राय पेरून ठेवा, म्हणजे जमीन उघडी राहणार नाही. बाकीच्या तुकड्यात हिवाळा सरता सरता, रात्री माती गोठते आणि दिवसा सैलावते त्या दिवसांत, विरळ जागी एकरी किलो-दीड किलो क्लोव्हर नुसता फोका. गोठण्या-वितळण्याने मातीला ज्या बारीक भेगा पडतात त्यांत ते बी आपोआप बसते आणि कुळव लावावा लागत नाही. उन्हाळ्यात गवत डोके वर काढू लागले की ते निसवण्यापूर्वी सगळा तुकडा १० ते १५ सेंटीमीटर उंचीवर छाटा. क्लोव्हरला त्याचा त्रास होत नाही आणि गवताचे बी पडत नाही. मात्र फार कोरड्या दिवसांत छाटणी टाळा.

पिंजरा दर हंगामात नव्या जागी न्या. एकाच जागी ठेवला तर आतला ओट वाढून क्लोव्हरवर सावली धरतो आणि पुढच्या वर्षीची तुलना चुकते.

पाऊलखूण

पिंजरा उद्याच हलवते. कोपऱ्याचा नमुना आज सकाळी दहा ठिकाणांहून काढला आणि सावलीत वाळत ठेवला आहे. अहवाल आला की आकडे याच धाग्यावर लिहीन.